गाईवालं गाव

आमचा हनीमून चिखलदऱ्याला झाला होता, सासू-सासऱ्यांसह. मामाजी म्हणाले होते, "गाडीत दोन सीटा रिकाम्या जाऊन राह्यल्या, त्या काऊन फुकट घालवाच्या?" त्यामुळे पुढच्या वर्षी, जर्मनीत नोकरीला असलेल्या माझ्या दिराने फोनवर "दादा, वहिनी, डिसेंबरात या, आपण स्नोबोर्डिंगले जाऊ" असं म्हटलं, तेव्हा 'आपण' म्हणजे किती जण हे मला विचारावं लागलं नाही.

वर्ध्याला आमचं घर आणि आंजीच्या रस्त्यावर कापसाचं जिनिंग. घरात चौघंच: मामाजी म्हणजे माझे सासरे, सासूबाई, माझा नवरा आणि मी, पुलगावची. दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं. घरात कॉम्प्युटर आला होता, पण त्याच्यावर क्रोशाचं कव्हर असायचं आणि ते काढायची कोणाची हिंमत नव्हती. ईमेल पाहायला माझा नवरा बाजारातल्या सायबर कॅफेत जायचा.

दिराने आल्प्समधल्या तीन गावांची माहिती पाठवली आणि लिहिलं, यातलं एक निवडा. नवऱ्याने सगळ्याचे रंगीत प्रिंट काढून आणले आणि दिवाणावर पसरले. गावांची नावं कोणालाच वाचता येईनात. मामाजींनी दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा ठसका लागला. मग चित्रांवरून नावं पडली. एक होतं उंच शिखराजवळ, तिथे उन्हात खुर्च्या टाकून लोक हातात पेले घेऊन बसलेले, ते दारूवालं. दुसरं तळ्यावालं. तिसऱ्याच्या चित्रात गळ्यात मोठी घंटा बांधलेली गाय होती. गाईच्या पायाखाली हिरवंगार गवत होतं. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांना फार आवडलं.

"पन हे स्नोबोर्डिंग म्हंजे कराचं काय?" मामाजींनी विचारलं.

"एका फळीवर दोन्ही पाय बांधाचे," नवरा म्हणाला, "अन् बर्फाच्या उतारावरून घसरत खाली याचं."

"पाय बांधून?"

"हो."

"काऊन?"

नवऱ्याने कागद उलटून मागची बाजू पाहिली.

मामाजी कुठलीही गोष्ट विचारपूस केल्याशिवाय करत नसत. जिनिंगला नवा पट्टा घ्यायचा तरी चार जणांना विचारून यायचे. आता तर प्रश्न युरोपचा. आधी ते सेवाग्रामच्या एका निवृत्त हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. सोबत मी आणि नवरा. डॉक्टर अंगणात पेरूच्या झाडाला पाणी घालत होते. मामाजींनी तिन्ही कागद त्यांच्यासमोर धरले.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "तुम्ही करणार हे?"

"पोरं करतीन. मी बी पाहीन म्हंतो जरासं."

"साठीला आलेल्या माणसाच्या पायाला फळी बांधायची असली की ती आम्हीच बांधतो," डॉक्टर म्हणाले. "गाव कोणतंही घ्या, दवाखाना जवळ पाहा."

मामाजींना यातला विनोद समजला नाही, सल्ला समजला. परतताना गाडीत ते गंभीर होते. तळ्यावाल्या गावाच्या कागदावर लाल क्रॉसचं चिन्ह होतं, म्हणून ते गाव पुढे गेलं.

पण तळ्यावाल्या गावाचं भाग्य दुसऱ्याच दिवशी फिरलं. नणंदेच्या सासरची माणसं त्या तळ्यावर मागेच जाऊन आली होती, हे सासूबाईंना आठवलं. त्यांनी तिथून आणलेलं घड्याळ नणंदेच्या दिवाणखान्यात होतं. त्यातून दर तासाला पक्षी बाहेर यायचा आणि आमच्याकडचं कोणी बसलेलं असलं की नणंदेचे सासरे हटकून वेळ विचारायचे.

"त्यायनं पाह्यलेलं गाव आपन काऊन पाहाचं?" सासूबाई म्हणाल्या. तळं संपलं.

उरली दोन. त्यासाठी मामाजींनी आमच्या ओळखीच्या एका किराणा व्यापाऱ्याला जेवायला बोलावलं. हे गृहस्थ टूर कंपनीबरोबर अख्खा युरोप करून आले होते आणि तेव्हापासून परदेशाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. त्यांनी पाटवडीचा रस्सा वाढून घेत युरोप सांगायला सुरुवात केली. पॅरिसमध्ये पुरी-भाजी होती. रोममध्ये खिचडी, पण पातळ. एका डोंगरावर तर चक्क भजी.

"अन् बर्फ कसा होता?" मी विचारलं.

"बसमधून पाह्यला ना. बरा होता." त्यांनी रश्श्यासाठी वाटी पुढे केली. "उतरलो नाई मी. उतरलो असतो तं खिडकीची सीट गेली असती."

मग त्यांनी गाईवाल्या गावाचा कागद हातात घेतला आणि खालच्या बारीक अक्षरांत त्यांना सापडलं की तिथल्या एका हॉटेलात भारतीय शाकाहारी जेवण मिळतं. त्यांनी कागद थाळीशेजारी ठेवला आणि म्हणाले, "मंग इचार कायचा करून राह्यले?"

दारूवाल्या गावाच्या बाजूने बोलणारी मी एकटी होते. ते सगळ्यात उंच होतं आणि चित्रात सगळ्यात पांढरं. पण सासूबाईंना घाटात गाडी लागते. चिखलदऱ्याच्या वाटेवर आम्ही पाच वेळा थांबलो होतो, आणि त्यातल्या दोन वेळा माझ्या पदराचा उपयोग झाला होता. मी दारूवाल्याचा कागद उचलून बाजूला ठेवला.

रविवारी दिराचा फोन आला तेव्हा मामाजींनी निकाल सांगितला. फोन स्पीकरवर होता.

"बाबा, थे गाव जरासं खाली आहे," दीर चाचरत म्हणाला.

"खाली आहे थेच बरं. वर जाऊन काय कराचं?"

"तसं नाई बाबा. खाली म्हंजे, बर्फाचं..."

"लेका, डिसेंबरात युरोपात बर्फ नाई तं का वर्ध्यात राह्यते? बुक करून टाक."

दिराने बुक केलं. तो शिकून जर्मनीला गेला होता, पण बापाला 'नाही' म्हणायला तिथेही शिकवत नसावेत.

आता नवऱ्याला सरावाची काळजी लागली. नोव्हेंबर होता, जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या लागल्या होत्या; पांढऱ्या, घरापेक्षा उंच. एका दुपारी मामाजी बँकेत गेल्याचं पाहून त्याने प्लायवुडची फळी घेतली, सुतळीने पाय बांधले आणि दोघा हमालांच्या मदतीने गंजीवर चढला. मी खाली उभी होते. कापूस वेचून साफ करणाऱ्या बायाही काम सोडून पाहायला लागल्या. त्याने हात पसरले, गुडघे वाकवले, श्वास घेतला.

काहीच झालं नाही. कापसावरून घसरता येत नाही. कापूस धरून ठेवतो. तो कमरेत झटके देत राहिला आणि हळूहळू मांड्यांपर्यंत आत गेला.

"मालक, रुतून राह्यले तुमी," एक बाई काळजीने म्हणाली.

त्याला काढायला चौघं लागले. पँटला चिकटलेल्या कापसामुळे मामाजींना संध्याकाळी सगळं कळलं. ते एवढंच म्हणाले, "मालाले पाय लावत नसतात."

नागपूरला तिबेटी लोकांच्या स्वेटरच्या बाजारात आम्ही जाडजूड जाकिटं घेतली, दिरासाठीही एक. मुंबईला जाऊन व्हिसा झाला. सासूबाईंनी भाजणी, चिवडा, मेथीचे लाडू आणि लोणचं बांधलं. हॉटेलात जेवण मिळतं हे कारण गाव निवडायला पुरेसं होतं. त्याच्यावर भरवसा ठेवायला नव्हतं.

गावात आम्ही पोचलो ते भर दुपारी. ऊन पडलं होतं. विमानतळावरून दिराच्या गाडीतून, सपाट रस्त्याने, एकदाही न थांबता आलो होतो. गाव चित्रातल्यासारखंच होतं: लाकडी घरं, चर्चचा मनोरा, आणि चहूबाजूंनी हिरवेगार डोंगर. बर्फ नव्हता. वर, अगदी वर, दुसऱ्या कोणाच्या तरी गावाच्या डोक्यावर तो चमकत होता.

आम्ही पाचही जण नागपूरची जाकिटं घालून त्या उन्हात उभे होतो. घाम यायला लागला होता. शेवटी सासूबाईच बोलल्या. "गवत चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

मामाजींनी हॉटेलवाल्याला विचारायला दिराला पाठवलं. हॉटेलवाल्याने दिलगिरी व्यक्त केली: यंदा थंडी उशिरा आली आहे, पण मशीनने थोडा बर्फ केला आहे. खरंच, डोंगराच्या एका बाजूला वाळत घातलेल्या धोतरासारखी एक पांढरी पट्टी पडली होती. सगळं गाव त्या पट्टीवर होतं, बहुतेक बालवाडीतली मुलं.

मशीन म्हटल्यावर मामाजींचा चेहरा उजळला. पुढचे दिवस ते त्या बर्फ फेकणाऱ्या यंत्राजवळच दिसायचे. मोटर किती हॉर्सपॉवरची, पाणी किती ओढते, हे ते तिथल्या माणसाला वऱ्हाडीत विचारायचे आणि तो त्याच्या भाषेत उत्तर द्यायचा. दोघांचं छान जमलं.

नवऱ्याने भाड्याची फळी बांधली, उभा राहिला, आणि उभ्याचा आडवा झाला. त्याला ओलांडून एक चार वर्षांची मुलगी सफाईने गेली. त्यानंतर त्याची पाठ दुखायला लागली आणि परत येईपर्यंत दुखत राहिली.

फळी रिकामी होती. दिराने माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, तुमी?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या बाकावर बसून मेथीचा लाडू खात होत्या. "पैसे तं भरलेच आहेत," त्या म्हणाल्या.

सहा-सात वेळा पडले. तो बर्फ मऊ नव्हता. रसवंतीवर किसून टाकतात तसा खरखरीत, टोचणारा. मग एकदा दिराने खांद्याला धरून हलकं ढकललं आणि मी पडलेच नाही. खालून फळी गुपचूप निघाली. दोन्ही बाजूंनी गवत मागे जाऊ लागलं. कोणी धरलेलं नव्हतं, कोणी सोबत नव्हतं, पुढच्या-मागच्या सीटवर कोणी नव्हतं. थांबायचं कसं ते मला शिकवलेलं नव्हतं आणि मला थांबायचंही नव्हतं. मागून सासूबाईंचा आवाज आला, "पाय सोड वं त्या फळीतून! सोड ना!" आणि मी सरळ गवतात जाऊन पडले, तोंडात माती, डोळ्यांत हसून हसून पाणी.

वर्ध्याला परतल्यावर लोक विचारू लागले तेव्हा मामाजींनी गावाची फार तारीफ केली. हवा, जेवण, रस्ते, मशीन. बर्फाबद्दल ते म्हणत, "पाहाण्यासारखा होता." ते खोटंही नव्हतं, पाहण्यापुरताच होता. त्या तारिफेने हिंगणघाटच्या एका व्यापाऱ्याने आपल्या नव्या लग्नाच्या मुला-सुनेला पुढच्या हिवाळ्यात त्याच गावी धाडलं. दोघंच गेली. मला त्यांचा थोडा हेवा वाटला.

त्या वर्षी तिथे असा बर्फ पडला म्हणतात की दारं उघडेनात. परतल्यावर ती जोडी पेढे आणि एक मोठा फोटो घेऊन आमच्याकडे पाया पडायला आली. फोटोत कमरेएवढ्या बर्फात दोन माणसं उभी होती, टोप्या, गॉगल, मफलर लावून, नाकाचा शेंडाही दिसत नव्हता.

मामाजींनी तो फोटो फ्रेम करून जिनिंगच्या ऑफिसात लावला. कोणी आलं आणि "शेठ, हे तुमीच होय का?" असं विचारलं, की ते फोटोकडे क्षणभर पाहतात आणि म्हणतात, "बसा ना. चहा सांगू का दूध?"