बुधवारचा देवमासा

लायब्ररीतल्या बाईंबद्दल वहीत लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आज देवाजवळून उठले ती थेट लिहायलाच बसले.

बाई मुलांची खोली सांभाळतात. वय पन्नाशीपुढचं, चष्मा दोरीने गळ्यात, बोटांना कायम खळ लागलेली. फाटलेलं पुस्तक त्या टाकत नाहीत. खिडकीपाशी बसून एकेक पान चिकटवतात. मुलांचा गोंगाट वाढला की ओरडतही नाहीत. उलट स्वतःचा आवाज इतका बारीक करतात, की त्या काय सांगताहेत ते ऐकायला पोरं आपोआप गप्प होतात. ही युक्ती मी घरी करून पाहिली, तर आमचे हे म्हणाले, "घसा बसलाय का तुझा?"

त्या खोलीत समुद्रातल्या प्राण्यांचं एक भलंमोठं पुस्तक आहे. त्यातलं देवमाशाचं पान चार घड्या उलगडल्या की टेबलभर पसरतं. ते घरी देत नाहीत, तिथेच बघायचं. आमची दहा वर्षांची धाकटी त्यासाठी जीव टाकायची. शाळा सुटली की दप्तर भिरकावून पळालीच. मी आपली शेजारीपाजारी मिरवत होते, "पोरीला वाचनाचं वेड हो!"

खरी गोष्ट मला नंतर कळली. एका बसड्रायव्हरची पाच वर्षांची मुलगी दर बुधवारी, बापाच्या सुट्टीच्या दिवशी, याच पुस्तकासाठी दोन बस बदलून यायची. दारातूनच विचारायची, "देवमासा आलाय?" तीन बुधवार पुस्तक जागेवर नव्हतं. तिसऱ्या खेपेला बाप म्हणाला, "बाई, पुढच्या वेळीही नसलं तर पुन्हा नाही आणत हिला. रस्ताभर रडत जाते."

बाईंनी त्या संध्याकाळी कपाटंच्या कपाटं पालथी घातली. पुस्तक निघालं जुन्या मासिकांच्या मागे, जिथे झाडूसुद्धा क्वचित जातो. आत खूण म्हणून निळी रिबीन. आमच्या धाकटीचीच, बाईंनी बघताक्षणी ओळखली! दुसऱ्या कुणी बघू नये, म्हणून कार्टी कपाटांच्या आड जमिनीवर पसरून ते एकटीच बघत होती आणि रोज घरी निघताना तिथेच दडवत होती.

बाईंनी ते होतं तिथेच ठेवलं. चौथ्या बुधवारी धाकटीला म्हणाल्या, "आज बस माझ्या टेबलाशी. माझे हात खळीत आहेत. कुणी काही मागितलं तर तू शोधून द्यायचं."

धाकटी ऐटीत बसली. थोड्या वेळाने ती चिमुरडी आली. "देवमासा आलाय?" बाप दारातच उभा राहिला, आतही येईना. बाई मान खाली घालून पान चिकटवत राहिल्या.

धाकटीला "नाही" म्हणता आलं असतं. ती बसल्या जागी लालेलाल झाली. मग उठली, मासिकांच्या मागे गेली आणि ते धूड दोन्ही हातांनी पोटाशी धरून घेऊन आली.

"कुठे होता?"

"मीच लपवला होता."

"का? पळून जात होता?"

बाप हसला आणि आत येऊन बसला. बाई इतकंच म्हणाल्या, "दोघी मिळून उलगडा. पान फाडाल तर मलाच चिकटवावं लागेल." छोटीला वाचता येत नव्हतं; धाकटीने पानावरची ओळ न् ओळ तिला वाचून दाखवली.

घरी येऊन तिने रडत रडत सगळं सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी शरमेने बाईंपुढे उभी राहिले. "बाई, दोन ठेवून द्यायच्या होत्या तिला!"

"अहो, ओढ आहे म्हणून लपवलं. ओढ चांगलीच. तशीच दुसऱ्यालाही असते, एवढंच तिला दिसायला हवं होतं."

"आणि ती उठलीच नसती तर?"

"तर मी उठले असते. त्या लेकराला परत थोडीच पाठवणार होते?" मग हळूच म्हणाल्या, "पण मनात देवाचा धावा चालू होता हो माझा!"

मुलांना चांगली बुद्धी दे, असं मी देवाला रोज म्हणते. ती देताना तो कुणाचे हात वापरतो, ते यावेळी डोळ्यांनी पाहिलं. बाईंचे उपकार कसे फेडू?

धाकटी अजून रोज जाते. निघताना ते पुस्तक आता सगळ्यात खालच्या फळीवर ठेवते. वरच्या फळीवर छोटीचा हात पोचत नाही.