विरुळच्या पुढचा ब्रेकर

माझ्या भाऊजींनी, रत्नदीप यांनी, चोपन्नाव्या वर्षी लांबच्या सायकलिंगला सुरुवात केली, तेव्हा वर्ध्यातल्या निम्म्या ओळखीच्यांना वाटलं की त्यांनी मोटारसायकल विकली. उरलेल्यांना वाटलं, डॉक्टरांनी काहीतरी सांगितलं असणार. "शुगर निघाली काय साहेब?" असं लोक त्यांना रस्त्यात थांबवून विचारायचे. भाऊजी "हाव" म्हणायचे आणि पुढं जायचे. खरं कारण सांगत बसण्यापेक्षा त्यांना शुगर परवडत होती.

खरं कारण होतं रोहणा. त्यांची एकुलती एक मुलगी मयुरी रोहण्याला दिलेली आहे. वर्ध्याहून देवळी, पुलगाव, विरुळ असं करत जायचं, पन्नास-पंचावन्न किलोमीटर. मयुरीला मुलगी झाली, ती रांगायलाही लागली, तरी आजोबांनी अजून तिला पाहिलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यानं ते आणि माझी मोठी बहीण अंजू मोटारसायकलवर मयुरीकडं निघाले होते. अंजूच्या मांडीवर करंज्यांचा डबा, एक हात डब्यावर. विरुळच्या पुढं रस्त्यात एक उंच ब्रेकर होता, त्यावर पट्टे नाहीत, आधी पाटी नाही. गाडी उडाली आणि अंजू मागच्या मागं पडली. डोक्याला मार लागला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

भाऊजी रडले नाहीत. दवाखान्यात नाही, जलदानविधीच्या दिवशीही नाही. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. माझी बहीण गेली आणि हा माणूस कचेरीत जाऊन येतो, जेवतो, ताट विसळून ठेवतो. मग एकदा मी पाठवलेल्या वांग्याच्या भाजीत मीठच नव्हतं. ती त्यांनी दोन्ही वेळा खाल्ली आणि डबा घासून परत दिला. मी विचारलं तर म्हणाले, "चांगली होती." त्या दिवशी माझा राग गेला असं नाही, पण तो कुठं ठेवावा ते मला कळेना.

मयुरी हट्टी, आईवर गेलेली. तिनं फोनवर स्वच्छ सांगून टाकलं, "बाबा, मी पोरीले तिकडं आणणार नाई. तुम्हीच या." नात घरी आणून दाखवली तर हे पुन्हा कधीच घराबाहेर पडणार नाहीत, हे तिला बरोबर कळलं होतं. भाऊजी मोटारसायकलला हात लावत नव्हते. एकदा एसटीत बसले, पण देवळीला उतरून परत आले. मी त्यांना चांगलंच झाडलं. ते शांतपणे ऐकून घेत राहिले, मग म्हणाले, "नंदिनी, एसटीत बसलं की ते ठिकाण आपोआप येते. मी काई नाई केलं तरी येते."

मी चिडून म्हटलं, "मंग सायकलनं जा. सायकलवर तुम्ही न्याल तेव्हाच येईल ते."

मी शिक्षिका आहे. शाळेतल्या दोघीतिघींबरोबर दर रविवारी सायकलवर लांब जाते. त्यामुळं माझ्या तोंडून ते निघून गेलं. पण दुसऱ्याच दिवशी भाऊजी माझ्या दारात उभे, सायकल कोणती घ्यायची ते विचारायला.

पहिल्या रविवारी सेवाग्रामपर्यंत जाऊन यायचं ठरलं. पहिलवानानं आखाड्यात उतरायच्या आधी खावं तसे ते तर्री-पोहे दाबून आले आणि वाटेत ओकले. सीट एवढी खाली की गुडघे हनुवटीला लागायचे, का, तर थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. गिअर कायम सगळ्यात जड. मी म्हटलं, "भाऊजी, हलका घ्या, पाय फिरू द्या." ते म्हणाले, "जोर नाई लागला तं सायकल चालवल्यासारखी वाटत नाई." पँटचा पायचा साखळीत गेला तो वेगळाच. पाणी प्यायचं तर तहान लागायच्या आधी, हे त्यांना पटवायला तर मला दोन रविवार लागले. तहान लागतच नाही म्हणायचे, आणि मला वाटतं ते खरं असावं.

पण माणूस नेमाचा. सांगितलेलं एकदा कळलं की पुन्हा सांगावं लागत नसे. सीट वर गेली, गिअर हलका झाला, खिशात गूळ-शेंगदाणे आले. थंडी सुरू होईपर्यंत आम्ही देवळी करून परत यायला लागलो, मग पुलगाव. मी फुशारकीनं सगळ्यांना सांगायची. भाऊजींना विचारलं, कसं वाटलं, तर "ठीक." पुलगाव झालं तरी ठीक, सेवाग्राम झालं तेव्हाही ठीकच होतं.

मग विरुळ. विरुळच्या पुढच्या टोकाला एक चहाची टपरी आहे. तिथं ते सायकल लावायचे, चहा प्यायचे, पेला ठेवायचे आणि सायकल वर्ध्याच्या दिशेनं वळवायचे. पुढं रोहणा काही फार लांब नव्हतं. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. मयुरी संध्याकाळी मला फोन करायची, "मावशी, आज?" मी म्हणायची, "विरुळ." ती फोन ठेवून द्यायची.

आता एक गोष्ट सांगायला हवी. तो ब्रेकर तिथं राहिलेलाच नव्हता. मागच्या उन्हाळ्यात रस्ता नव्यानं केला, तेव्हा तो निघाला. मला माहीत होतं, मयुरीला माहीत होतं, जावयाला माहीत होतं. रस्ता नवा झालेला भाऊजींनाही विरुळपर्यंत दिसतच होता. पण त्यांच्या डोक्यात ब्रेकर जागच्या जागी होता, आणि आम्हा कुणाच्या तोंडून त्यांच्यासमोर त्या जागेचं नाव निघत नव्हतं. "तिकडं" म्हणायचं आणि विषय बदलायचा, अशी घराला सवय लागली होती. जो तो समजत होता, दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल.

त्या रविवारी टपरी बंद होती. मालक कुणाच्या लग्नाला गेला असावा. भाऊजी एक पाय टेकवून थोडा वेळ बंद फळीकडं बघत राहिले. चहा नाही तर थांबायचं कशाला, एवढाच विचार त्यांनी केला असेल. त्यांनी पायडल मारलं आणि सायकल सरळ पुढं नेली. मी मागून निघाले.

ते माणूस चालतो त्या वेगानं जात होते. दोन्ही हात ब्रेकवर, मान खाली, नजर समोरच्या रस्त्यावर. कापसाच्या गठड्या लादलेला ट्रॅक्टर आमच्या मागून हॉर्न वाजवत पुढं गेला, तरी त्यांनी मान वर केली नाही. मला ती जागा ठाऊक होती. डावीकडं विहीर, तिच्यासमोर. आम्ही विहिरीजवळ आलो आणि विहीर मागं पडली. भाऊजी तसेच, ब्रेक दाबून, ब्रेकरची वाट बघत चालले होते. वर्गातली चाळीस पोरं एका हाकेत गप्प करणारी मी, पण "भाऊजी, गेलं ते मागं" एवढं माझ्या तोंडून निघालं नाही. रोहण्याची घरं दिसेपर्यंत त्यांनी ब्रेक सोडले नाहीत.

मयुरीच्या अंगणात ते उतरले आणि सायकलला धरूनच उभे राहिले. जावई अश्वजित धावत आला, "जय भीम मामाजी, बसा, बसा." भाऊजी बाजेवर बसले. मयुरीनं पाणी आणलं, ते तसंच ठेवून भाऊजी म्हणाले, "तो ब्रेकर आलाच नाई."

अश्वजित म्हणाला, "तो तं मागच्या उन्हाळ्यातच काढला, मामाजी."

भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं. "तुले माहीत होतं?"

"होतं."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ती पडली ते ठिकाण मले दिसलंच नाई. मी तेथून आलो अन् मले कळलंच नाई." मग पुन्हा म्हणाले, "तेवढं तरी ठेवाले पाह्यजे होतं." रस्त्यावरच्या त्या उंचवट्याला ते इतके दिवस भीत होते, आणि अंजूचं म्हणून त्यांच्याजवळ तेवढंच उरलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

मयुरी आत जाऊन पोरीला घेऊन आली आणि त्यांच्यापुढं धरली. पोरगी झोपेतून उठलेली, डोळे मोठे करून बघत होती.

भाऊजींनी हात पुढं केले आणि मागं घेतले. "नको देऊ," ते म्हणाले. "ब्रेक दाबून दाबून हाताले काईच समजून नाई राह्यलं. पडंल ते."

मयुरी त्यांच्याजवळ बाजेवर बसली. तिनं पोरीला त्यांच्या मांडीवर ठेवलं, बापाचे दोन्ही हात उचलून पोरीच्या अंगाभोवती लावले आणि त्या हातांवरून आपले हात घट्ट धरले.

"तू सोडू नको," भाऊजी म्हणाले.

"नाई सोडत, बाबा."

मला रडू आवरेना. मी सायकलीकडं तोंड करून रडले. भाऊजी रडले नाहीत. ते पोरीच्या टाळूकडं बघत बसले होते, पाणी तसंच पडून होतं, आणि मयुरीनं हात काढले नाहीत. बराच वेळ गेल्यावर त्यांचा आवाज आला.

"मयुरी," ते म्हणाले, "आता दुखून राह्यले हात."