चित्र तिकडं हाय

कुपवाडला आमच्या कारखान्याशेजारच्या शेडमध्ये आफ्रिकेतले सहा कृष्णवर्णीय चित्रकार महिनाभर एकत्र काम करत होते. सांगलीत त्यांचं प्रदर्शन भरलं, तर लोक चित्रं सोडून त्यांच्याबरोबर सेल्फी काढायला लागले. मीही मोबाईल सरसावून त्यांच्यातल्या एका उंच बाईंजवळ गेलो. त्यांनी माझा खांदा धरून मला अलगद फिरवलं आणि कुपवाडात शिकलेल्या मराठीत म्हणाल्या, "आवं, चित्र तिकडं हाय!"

मी ओशाळून बघितलं. चित्रात आमचं गेट झाडणाऱ्या मावशी होत्या, कपाळावरच्या गोंदणासकट.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना म्हणालो, "तुमच्या कपाळावर गोंदण आहे, मला माहीतच नव्हतं."

झाडता झाडता त्या हसल्या. "बारा वर्सं हितंच हाय मी. त्या बाईनं पैल्याच दिवशी इचारलं."