दोरी आधी सुटली नव्हती

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या दुसऱ्या सोमवारी आम्ही जानेफळच्या अलीकडच्या ख्रिस्ती आश्रमात पोचलो. माणशी सहाशे रुपये, चार दिवसांचे. हजर: पाच पंथांच्या मंडळ्यांचे अठरा पाळक, आश्रमातले चार संन्यासी बंधू, आणि मी. मी पाळक नाही. मोताळ्याकडच्या आमच्या मंडळीचा खजिनदार आहे. स्वयंपाकघराचा शिधा मोजून द्यायला मला नेलं होतं.

वेगवेगळ्या मंडळ्यांच्या पाळकांनी एकत्र राहावं, मौन पाळावं आणि गुरुवारी एकाच भाकरीतून प्रभुभोजन घ्यावं, एवढाच कार्यक्रम. त्या भाकरीची ज्वारी पाळकांनीच दळायची, असा आश्रमाचा नियम होता. एका जात्यावर दोन वेगळ्या मंडळ्यांचे दोघं, समोरासमोर, एकाच खुंट्यावर हात. जोड्या आश्रमाचे मोठे बंधू लावत. आमच्या पाळकसाहेबांसमोर त्यांनी शेजारच्या मंडळीच्या पास्टरना बसवलं. जाणूनबुजूनच.

या दोघांत काय झालं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या अकरा महिने आधी माझी मावशी वारली. म्हातारपणी ती शेजारच्या मंडळीत गेली होती आणि या पास्टरच्या हातून, पाण्यात पूर्ण बुडून, तिने दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला होता. म्हणजे आमच्याकडे झालेला पहिला खोटा, असा अर्थ मी काढला आणि तिच्याशी बोलणं सोडलं. आपल्याला याच पास्टरनी माती द्यावी, असं ती सांगून गेली. कबरस्तान मात्र आमचं. पाळकसाहेबांनी आणि आमच्या कमिटीने ठरवलं की बाहेरच्या पाळकाने तिथे तोंड उघडायचं नाही.

दफनाच्या दिवशी चाळीसेक माणसं खड्ड्याभोवती एकमेकांना रेटत होती. शिव्या चालल्या होत्या, कॉलरी धरल्या होत्या, कुणाचा तरी चष्मा पायाखाली कडकन फुटला. पास्टर एका दोरीचं टोक धरून शवपेटी खाली सोडत होते आणि सोडता सोडता प्रार्थना म्हणत होते. पेटी सुटली. उभी खड्ड्यात गेली, झाकण फुटलं, मावशीचं पांढरं लुगडं मातीत आलं. मग लोक पास्टरवर तुटून पडले. त्यांचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला, कपाळ फुटलं.

पोलिसांच्या कागदावर आणि दोन्ही मंडळ्यांत एकच गोष्ट राहिली: पास्टरच्या हातून मयत पडलं, म्हणून लोक चिडले. त्यांच्या मंडळीतली बावीस कुटुंबं नऊवर आली. मातीला त्यांना कुणी बोलवेना.

मंगळवारी सकाळी दळण चाललं होतं. पास्टरच्या हातात ऑपरेशन करून प्लेट बसवलेली, बोटं नीट मिटत नव्हती. खुंटा निसटला आणि पीठ सांडलं. मौन असूनही आमचे पाळकसाहेब हळूच म्हणाले, “पुन्हा सुटलं काय?”

पास्टरनी डाव्या हाताने पितळी पातेलं उचलून त्यांच्या तोंडावर हाणलं. ओठ फाटून आतले दात दिसले. पाळकसाहेब जात्यावरून त्यांच्या अंगावर गेले आणि गळाच धरला. दोघंही पिठात लोळत होते, पिठात रक्ताचे गोळे होत होते. मोठे बंधू मध्ये पडले तर कोपर लागून तेही आडवे झाले. शेवटी चौघांनी दोघांना ओढून वेगळं केलं.

पास्टर उठले ते थेट खोलीत जाऊन पिशवी भरू लागले. मोठ्या बंधूंना म्हणाले, ती माझ्याच हातातून पडली, आजपासून मी पाळकी सोडली.

मी दारात उभा होतो. हातात ज्वारीचं माप होतं.

“दोरी आधी सुटली नव्हती,” मी म्हणालो. “आधी मी मारलं.”

“काय बोलून राह्यला बे?” माझ्या मागून पाळकसाहेब ओठाला फडकं धरून म्हणाले. “गप बस.”

मी क्रम सांगितला. माझ्या हातात फावड्याचा दांडा होता. पहिला फटका पास्टरच्या उजव्या हातावर. ते प्रार्थना म्हणत होते, डोळे मिटलेले होते. त्याने दोरी सुटली. दोरी सुटली म्हणून पेटी पडली. दुसरा पाठीवर आणि तिसरा कपाळावर, ते दोन्ही पेटी पडल्यानंतर. बाकीच्यांनी किती मारले ते मी मोजले नाहीत.

पास्टरनी पिशवी खाली ठेवली. “म्हणजे मी धरून होतो?”

“धरून होते तुम्ही.”

“अकरा महिने बायकोले सांगून राह्यलो मी, का माह्याच हातानं पडली थे.”

त्यांनी डाव्या हाताने माझ्या कानाखाली मारली. मी खाली बसलो. दुसरी बसली तेव्हा कानात शिट्टी वाजू लागली. तिसरीसाठी हात वर गेला आणि तिथेच थांबला.

“रविवारी आमच्याकडे येऊन हेच सांगजो,” ते म्हणाले. “आधी काय, मंग काय, असंच.”

पिशवी त्यांनी रिकामी केली. बुधवारी दोघं परत जात्यावर बसले. पाळकसाहेबांच्या ओठाला तीन टाके होते. माफी त्यांनी मागितली नाही. पण पास्टरच्या बोटांवर स्वतःचा हात दाबून त्यांनी खुंटा फिरवला. प्रेमाने, की पीठ सांडू नये म्हणून, ते मी सांगू शकत नाही. गुरुवारी भाकर झाली आणि अठराही जणांनी खाल्ली. मी घेतली नाही.

रविवारी मी त्यांच्या मंडळीत उभं राहून सांगितलं. मावशीच्या मुलाने मला अंगणात पाडून लाथा घातल्या, माझ्या दोन बरगड्या गेल्या. त्याला मागे ओढलं ते पास्टरनी, एका हाताने. नंतर पोलीस ठाण्यात जाऊन मी जबाब दिला. केस चालू आहे, तारखा पडतात.

हाताच्या ऑपरेशनचे पैसे घेऊन गेलो तेव्हा पास्टरनी पत्नीकडे बोट दाखवलं. शिलाई मशीन विकून तिनेच बिल भरलं होतं.

“ह्यायच्या शर्टाचे बटन लावले मी अकरा महिने,” ती म्हणाली. “त्याचे किती धरले?”

तुम्ही सांगाल ते, मी म्हणालो.

“थे तुमाले नाई मोजता येत, भाऊ.”

मी त्रेपन्न हजार चारशे नेले होते. तिने दोनदा मोजले, त्रेपन्न हजारांचं बिल काढून पाहिलं आणि चारशे परत माझ्या हातावर ठेवले. दिले ते त्रेपन्न हजार, पास्टरच्या पत्नीला.