लिंबाचा धडा

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. भावाला सांगितली नाही, देवाला सांगितली नाही — देवाला काय सांगायचं म्हणा, तो त्या सकाळी घरातच होता. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि मी तुम्हाला. बसा. कॉफी विचारली असती, पण कागदावरून कशी देणार?

आधी मी कोण ते कळू दे. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, आणि ओट्यावर — त्याला आम्ही तिण्णै म्हणतो — इंग्रजी. ते ओट्यावरचं इंग्रजी माझं. चाळीसेक वर्षं मी तिथं पोरांना शिकवलं. मी स्वतः आठवीच्या पुढे शाळा पाहिली नाही, वडिलांनी काढलं. रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या ऐकून, वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून वाचून मी ती भाषा ताब्यात आणली. गल्लीत मला टीचरम्मा म्हणतात. बसस्टँडजवळ ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’च्या पाट्या लागल्या तेव्हा मी हसले. कालच्या तेलात आजची भजी, तसलं त्यांचं इंग्रजी. टाय बांधलेली पोरं मान वाकडी करून बोलतात आणि आईबापांना वाटतं पोरगं शिकलं. मी अजूनही हसते. लोकांना हसण्याची माझी सवय जुनी आहे, आणि आजवर ती मला कुणी सोडायला लावली नाही.

तुळजा माझ्या भावाची मुलगी. मी नवरा गेल्यावर माहेरी परत आले, तेव्हा ती पाळण्यात होती. कॉन्व्हेंटात शिकली, पहिलीपासून इंग्रजी माध्यम, पुढे बी.एस्सी. संध्याकाळी माझ्या ओट्यावर लहान पोरं ती घ्यायची, मोठी मी. तिच्या बाजूला नुसता धिंगाणा. टाळ्या, उड्या, चिंचेची बोटुकं काय, वांगी काय, पोरं घरून काहीही घेऊन यायची आणि ती त्यावर धडा करायची. माझ्या बाजूला शांतता. मला वाटायचं, शांतता म्हणजे शिक्षण. तिला एक खोड मात्र होती — मी जवळ असले की इंग्रजी वाक्य बोलायच्या आधी ती माझ्याकडे एकदा बघायची. मला ते आवडायचं. आदर आहे, असं मी म्हणायची.

मग हे जपान आलं.

सात-आठ वर्षं झाली असतील. तुळजानं नेटवर वाचलं, जपानात इंग्रजी शिकवायला परदेशी माणसं घेतात. घर देतात, व्हिसा करून देतात, डिग्री हवी आणि बारा वर्षं इंग्रजीतून शिकलेलं हवं. दोन्ही तिच्याकडे होतं. तिनं अर्ज करायला सुरुवात केली आणि मला एकेक जाहिरात वाचून दाखवायची. काय एकेक जाहिराती! जन्मानं इंग्रजी बोलणारेच हवेत. अमुक देशांचा पासपोर्ट हवा. आधी हसरा फोटो पाठवा. सांगा, फोटोत व्याकरण दिसतं का? शिकवायला येतं का हे कुणीच विचारत नव्हतं. लंडनजवळ जन्मलेला भाजीवालाही त्यांना चालला असता, त्याला स्वतःच्या भाषेत धड चार ओळी लिहिता येवोत न येवोत. आपल्याकडे दोनशे वर्षं इंग्रजी घासतायत ते सगळे वेडे. मी त्या जपान्यांना इतकी नावं ठेवली, की भाऊ म्हणाला, अक्का, तू तिथं गेलीस तर ते देश सोडून पळतील.

ही चीड खरी होती. अजूनही खरी आहे. ती खरी होती म्हणूनच तर पुढे माझ्या उपयोगी पडली.

कारण एका शाळेनं उत्तर दिलं. कुठल्याशा लहान गावातली, लहान मुलांची शाळा. पासपोर्टाचं त्यांनी विचारलं नाही. पहिली मुलाखत झाली, तुळजा पास झाली. दुसऱ्या वेळी व्हिडिओवर प्रत्यक्ष शिकवून दाखवायचं होतं — समोर कुणालाही विद्यार्थी म्हणून बसवा, त्याला इंग्रजी मुळीच येत नाही असं धरून धडा घ्या. तुळजा शेजारच्या शिंप्याच्या दोन मुलींना बोलावणार होती. मी म्हटलं, पोरं कॅमेऱ्यापुढे नाक उकरतील, मीच बसते. ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, बरं आत्या.

ती थांबली होती, हे मला तेव्हाही दिसलं होतं.

त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले साडेसहा. तुळजा पहाटेच न्हाऊन तयार. वर मैत्रिणीचा काळा कोट, खाली घरातलीच सलवार, कारण खालचं कुणाला दिसणार? कॉम्प्युटर पाटावर, पाट स्टुलावर, मागे भिंतीवरचं कॅलेंडर काढून ठेवलेलं. ही नोकरी तिला किती हवी होती ते सांगते. लग्नाची बोलणी तिनं भावाच्या हातापाया पडून वर्षभर लांबवली होती, एवढ्या एका गोष्टीसाठी. हे मला माहीत होतं. घरात सगळ्यांत जास्त मलाच माहीत होतं.

पडद्यावर दोघं होते. एक मुख्याध्यापिका, पन्नाशीची, केस अर्धे पांढरे, बोलताना मान लववणारी. आणि एक परदेशी तरुण शिक्षक. शर्टाला इस्त्री नाही, दाढी तशीच, खुर्चीत पसरलेला. त्याला पाहूनच माझं डोकं फिरलं. हा माझ्या तुळजाची परीक्षा घेणार! ह्याची लायकी काय, तर योग्य जागी जन्मला. — बघा, आज लिहितानाही मी त्याच्यावर घसरतेय. त्या बिचाऱ्यानं काय केलं होतं? तो तुळजाचा धडा बघून हसत होता. मनापासून हसत होता.

कारण धडा सुंदर होता. हे मी पहिल्यांदाच म्हणतेय. तिनं टोपलीतून एक लिंबू काढलं. काही न बोलता नाकाशी धरलं, डोळे मिटले. मग दाताखाली धरल्यासारखं केलं आणि असं तोंड केलं, की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. पडद्यावरच्या बाईंनीही गाल आत ओढले. शब्द अजून आलाच नव्हता, आणि तिघांनाही तो हवासा झाला होता. कळतंय का तुम्हाला? शब्द हवासा करणं! चाळीस वर्षांत मी पोरांना शब्द दिले, पाठ करून घेतले, चुकले तर पट्टी दिली — हवासा एकही केला नाही. मग तिनं तो शब्द म्हटला, हळू, दोनदा, आणि लिंबू माझ्या हातावर ठेवलं. मी म्हणायचं होतं. मी म्हटलं.

तिनं टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. पहिलं पाऊल टाकणाऱ्या पोरासाठी वाजवतात तशा. आणि त्या धड्यात, त्या सबंध वेळात, तिनं माझ्याकडे परवानगीसाठी एकदाही बघितलं नव्हतं. ती बघत होती ती विद्यार्थ्याकडे.

मी उठले. मराठीत म्हणाले, “पुरे, तुळजा. असं शिकवतात होय? सरक, मी दाखवते.”

मराठी त्यांना कळलं नसेल, पण सरकवणं कुठल्याही भाषेत कळतं. मी कॅमेऱ्यापुढे उभी राहिले आणि रेडिओवर बातम्या देणाऱ्या त्या जुन्या बाईच्या आवाजात लिंबाचा धडा घेतला. लिंबू हे नाम कसं, एकवचन, अनेकवचन, त्याची विशेषणं, मग त्यावरून एक छोटं भाषणच केलं — फळांचे आरोग्याला होणारे फायदे. समोरची माणसं अगदी स्थिर झाली. मला वाटलं, नेट अडकलं. नेट अडकलं नव्हतं.

आणि तुळजा? मी बसले होते त्या दुसऱ्या स्टुलावर ती जाऊन बसली. विद्यार्थ्याच्या जागी. मैत्रिणीच्या कोटात, हात मांडीवर ठेवून. तिनं मला थांबवलं नाही. थांबवायचं तिला मी कधी शिकवलंच नव्हतं.

मुख्याध्यापिकेनं आभार मानले. तुळजा इंग्रजीत काही बोलायला गेली — आधी माझ्याकडे बघितलं — आणि वाक्य तिथंच सोडलं. ती उठून मागच्या अंगणात गेली. विहिरीच्या रहाटाचा आवाज आला. तोंड धूत असावी.

एवढंच असतं, तर मी एक खडूस म्हातारी ठरले असते आणि सुटले असते. गल्लीत खडूस म्हाताऱ्या काय कमी आहेत? आता ऐका.

तो तरुण उठून गेला होता. बाई तेवढ्या पडद्यावर राहिल्या. त्यांनी मला थांबायला सांगितलं. त्यांचं इंग्रजी मोडकं, अडखळत बोलल्या, आणि मी मनात त्यांच्या चुका मोजत होते — त्या माझ्या भाचीचं आयुष्य सांगत होत्या आणि मी चुका मोजत होते. त्या म्हणाल्या, मुलगी चांगली आहे. फार चांगली. आज नियमानं नाही म्हणावं लागेल, कारण धडा अर्धाच झाला. पण वसंतात पुन्हा मुलाखती घेणार आहोत. तिला सांगा, नक्की अर्ज कर, मी तिची वाट बघेन. आणि त्या वेळी मुलं बसव. मग मान लववून म्हणाल्या, ती बोलायच्या आधी तुमच्याकडे बघते.

मी म्हटलं, हो, सांगते. थँक यू मॅडम. आणि माझ्या हातानं कॉम्प्युटरचं झाकण मिटलं.

अंगणात गेले. तुळजा विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती, तोंड ओलं, कोट भिजू नये म्हणून काढून खांद्यावर. मला सांगायचं होतं का? हो. चार पावलं होती, आणि त्या चार पावलांत मी ठरवलं. मी म्हणाले, “सोड गं. त्यांना गोरी माणसं हवीत. तो बसला होता बघितलास ना, तसली.”

तिनं ओढणीनं तोंड पुसलं. मग म्हणाली, “तोंड काही बदलता येत नाही ना, आत्या.”

चुकलेला धडा माणूस पुन्हा करतो. तोंडाला काय करणार? पोरीला मी हे दिलं. तिचं शिकवणं कच्चं आहे असं सांगितलं असतं, तरी ती भांडली असती, पुन्हा उभी राहिली असती. मी तिला असं कारण दिलं, की ज्याच्यापुढे काही करायलाच उरत नाही.

पुढे शाळेचा नकार आला, दोन छापील ओळींचा, आणि माझं खोटं पक्कं झालं. भावानं जपान्यांना शिव्या दिल्या. गल्लीनं दिल्या. मी सगळ्यांत जास्त दिल्या, आणि लोक माना डोलवायचे, कारण तसल्या जाहिराती सगळ्यांनीच वाचल्या होत्या. खऱ्या अन्यायाच्या आड लपायला किती सोपं जातं! वसंत आला आणि गेला. इथं वसंत कुठला म्हणा, सरळ ऊन. पण मला तो कळला. त्या दिवसांत मी मारुतीला जास्तीच्या प्रदक्षिणा घातल्या आणि घरी येऊन गप्प बसले. तिकडे कुणीतरी बाई वाट बघत होती, हे या घरात मला एकटीला माहीत होतं.

एकटी पडेन म्हणून केलं, असं म्हणू का? म्हातारपणाची भीती? ऐकायला बरं वाटतं, लोक डोळेही पुसतील. पण ते खरं नाही. माझ्या चाळीस वर्षांच्या इंग्रजीपेक्षा तिचं एक लिंबू मोठं होतं, आणि ते मी बघितलं होतं. दुसऱ्या कुणी बघू नये, एवढंच मला हवं होतं.

तुळजाचं लग्न पापनाशमला झालं. नवरा भला आहे. ती तिथं विम्याच्या ऑफिसात काउंटरवर बसते. मुलांना शिकवत नाही. विचारलं तर हसून म्हणते, मला कुठं येतं. दर रविवारी बसनं येते, माझी औषधं आणते, नखं कापून देते. तिच्या सासरी सांगते, आत्यांनी माझ्यासाठी किती केलं, जपानसाठी तर स्वतः विद्यार्थी होऊन बसल्या.

आणि मी हे कुठल्या लिपीत लिहितेय, बघितलंत? देवनागरी मी पन्नाशीनंतर स्वतःच शिकले. आमच्या घरात ती वाचणारं दुसरं कुणी नाही. तुळजा मराठी बोलते, पण हे कागद तिच्या हातात दिले तरी तिला त्यातला एक शब्द लागणार नाही. तमिळमध्ये लिहिलं असतं तर तिनं वाचलं असतं. इंग्रजीत तर वाचलंच असतं. मी विचार करून ही लिपी निवडली. इतकी माझी हिंमत.

गेल्या प्रदोषाला आम्ही दोघी मोठ्या देवळात गेलो होतो. नंदीपाशी दोन जपानी बायका उभ्या होत्या, वयस्क, डोक्यावर कापडी टोप्या. गर्दीत गोंधळल्या होत्या. त्यांतली एक सरळ तुळजापाशी आली — माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही — आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, राजवाड्यातल्या ग्रंथालयाकडे कसं जायचं. मान लववून विचारलं.

तुळजाचा चेहरा उजळला. खरंच उजळला. हात वर गेला, रस्ता दाखवायला, तिच्या त्या जुन्या पद्धतीनं — आता ही बाई रस्ता नुसता समजणार नाही, तिला तो हवासा होणार.

मग तिनं माझ्याकडे बघितलं. आणि हात खाली आला.

ती थांबली होती. त्या बायकाही थांबल्या होत्या. मी गप्प राहायचं होतं, बाकी काही नाही.

रस्ता मी सांगितला. डावीकडे, उजवीकडे, एकही चूक न करता.