अस्मिताची कोरी वही

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मी फार सरळ माणूस आहे. गावालाही तसंच वाटतं — आणि तेच तर दुखणं आहे.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका शाळेत मास्तर. आमच्याकडे नववी-दहावीला 'जागतिक नागरिकत्व आणि लोकसेवा' नावाचा उपक्रम चालतो. मुलं ऑनलाइन दुसऱ्या देशांतल्या मुलांशी बोलतात, गावात कामं करतात आणि केलेले तास वहीत लिहितात. ज्याचं काम केलं त्याची सही, नाही तर अंगठा — प्रत्येक नोंदीपुढे. उपक्रम मीच पाहतो. चांगला आहे, खोटं कशाला बोलू? वर्गात तोंड न उघडणारी पोरं मी यातून ग्रामसभेत प्रश्न विचारताना पाहिली.

त्यात अस्मिता होती, दहावीला. आईवडील दोघंही मजुरीला. आमच्या भागात धानाची रोवणी करून-करून बायांची बोटं झिजतात. मग रेशन दुकानातलं मशीन अंगठा घेत नाही आणि म्हातारी रिकामी पिशवी घेऊन घरी येते. ही पोरगी दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की अशा दोघी-तिघींना एसटीत बसवून तालुक्याच्या आधार केंद्रात न्यायची. रांगेत उभी राहायची, साहेबांशी भांडायची, ठसे नव्याने नोंदवूनच परतायची. मी एकदा मागोमाग गेलो, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पंधरा वर्षांची पोर — इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या लेकरांचाही कधी वाटला नव्हता.

तिची वही मात्र कोरी. विचारलं तर म्हणाली, "ज्या अंगठ्यापायी त्या रडून राहिल्या सर, तोच मी वहीवर कायले मागू?"



हिवाळ्यात नागपूरला या उपक्रमाचं संमेलन होतं. परदेशातली मुलं येणार, शाळेतून एकच जण जाणार. स्वतःसाठी कधी काही न मागणारी अस्मिता माझ्याकडे आली. तिला जायचं होतं. तिकडच्या पोरांना विचारायचं होतं, तुमच्याकडे अशा म्हाताऱ्यांचं काय करतात.

मी नाही म्हटलं. वही कोरी आहे, नियम आहे, माझ्या हातात काही नाही — असं म्हणालो. हातात होतं. संमेलनाला मुलं पाठवायच्या फॉर्मच्या शेवटी एक चौकट होती: नोंदी नसतील तर शिक्षकाने स्वतः पाहिलेलं काम लिहून सही करावी. ती चौकट मी तीनदा वाचली होती.

मग काऊन नाही लिहिलं? — हे बघा, घरी मी असाच बोलतो. इटियाडोहच्या कालव्याकाठचा माणूस मी, झाडीबोलीतच वाढलो. बी.एड.ला माझ्या बोलण्यावर पोरं हसली, तेव्हापासून शाळेत पुस्तकासारखं बोलतो. अस्मिता पाहुण्यांसमोर झाडीतच बोलली असती आणि लोक म्हणाले असते, मास्तराने हेच शिकवलं काय? त्या हसण्याला मी भ्यालो. बस, एवढंच. एवढ्याशा गोष्टीला.

शुद्ध बोलणारी दुसरी मुलगी पाठवली. तिचा यात काही दोष नाही. अस्मिता म्हणाली, "ठीक हाये सर," आणि त्या शनिवारी पुन्हा दोघींना घेऊन एसटीत बसली.

दहावीच्या निरोप समारंभात ती बोलायला उभी राहिली. झाडीबोलीतच. समोर पालक, शिक्षक, बोलावलेले साहेब. कोणी हसलं नाही. साहेबांनी तर मोबाईल खिशात ठेवला.

शेवटी ती म्हणाली, "आमचे सर नियमाचे पक्के हायेत. मले नाही म्हनताना त्याइचे डोळे भरले होते, पण नियम नाही तोडला. मलेबी मोठी होऊन असंच व्हायचं हाये."

सगळे माझ्याकडे वळून टाळ्या वाजवू लागले. मी उठलो, हात जोडले, आणि टाळ्या थांबेपर्यंत उभा राहिलो.