चटईपासून फाटकापर्यंत

गयाकाकूंच्या पाळणाघरात पहिलं नाव माझ्या मुलीचं लागलं असलं, तरी पहिला प्रवेश मिळाला तो मला. तेव्हा माझं वय तेहतीस होतं, डोक्यावरच्या केसांनी माघार घ्यायला सुरुवात केली होती आणि पाटबंधारे खात्यात मी कारकून होतो. दीड वर्षाच्या मुक्ताला कडेवर घेऊन मी पुंडलिकनगरातल्या त्यांच्या घरी गेलो, ते तिला सोपवून साडेदहाला टेबलावर हजर व्हायचं म्हणून. काकूंनी मुक्ताकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या खोलीत चटई अंथरली आणि मला म्हणाल्या, "बसा."

"नाही, मला ऑफिस आहे. हिला तेवढं ठेवून..."

"हिचं मागून बघू. आधी तुमी बसा. आठ दिवस."

"आठ दिवस?"

"मंग? अनोळखी घरात तुमाला कुनी आनून टाकलं नि निघून गेलं, तर तुमी हसत बसान का?"

मी बसलो. बायकोची शाळेतली नोकरी नवी होती, तिला रजा मिळणं शक्य नव्हतं. माझी आई गावची शेती सोडून यायला तयार नव्हती. आणि खरं सांगायचं तर काकूंनी 'बसा' म्हटल्यावर उभं राहण्याची हिंमत माझ्यात नव्हती.

मी जाताना दोन फुलस्केप कागदांवर सूचना टाइप करून नेल्या होत्या. दूध किती वाजता, वरणात मीठ किती, झोपताना कोणत्या कुशीवर, एकूण सत्तावीस कलमं. ऑफिसात माझ्या टिपणीचं कौतुक व्हायचं, त्यामुळे या मसुद्याबद्दल मला अभिमान होता. काकूंनी मला तो मोठ्यानं वाचायला लावला. डाळ निवडत शेवटपर्यंत शांतपणे ऐकला. मग म्हणाल्या, "सगळं हाय. पन ही कशाला हसती ते नाय लिव्हलं."

मला ते माहीतच नव्हतं. दीड वर्षाचा बाप आणि सत्तावीस कलमं, पण हे कलम राहून गेलं होतं.

काकू पैठणकडच्या. नवरा, नामदेवकाका, वाळूजच्या एका कंपनीत पाळीत कामाला. मुलीचं लग्न झालेलं, मुलगा नाशकात शिकायला. सकाळी डबा भरून दिला की दिवसभर घरात त्या आणि भिंतीवरचं घड्याळ. कॉलनीत नव्यानं नोकरीला लागलेल्या सुना लेकरांसाठी माणूस शोधत होत्या, हे काकू पाण्याच्या टँकरपाशी रांगेत ऐकायच्या. एक दिवस त्यांनी काकांना सांगितलं की मी पाळणाघर काढते. काका आधी हसले, मग चिडले. "लोकं म्हनतील, नामदेवला बायको पोसता येईना, म्हनून ती दुसऱ्याची लेकरं धुती." चार दिवस घरात अबोला होता. पाचव्या दिवशी काकांनी मुदत दिली. एक महिना. तेवढ्यात लेकरं आली नाहीत, किंवा गल्लीत काही बोभाटा झाला, तर चटई गुंडाळायची आणि पुन्हा नाव काढायचं नाही.

हे मला काकूंनीच तिसऱ्या दिवशी, लसूण सोलायला देता देता सांगितलं. "म्हनून म्हनते मुक्ताचे पप्पा, तुमची पोरगी रमली तर माझं जमलं. ती रडत बसली तर मी पुन्हा त्या घड्याळाकडं बघत बसनार."

काकूंच्या आठ दिवसांना एक शिस्त होती. पहिल्या दिवशी बापानं लेकराशेजारी चटईवर बसायचं. दुसऱ्या दिवशी पलंगावर. तिसऱ्या दिवशी उंबऱ्यात, चौथ्या दिवशी ओट्यावर, पाचव्या दिवशी फाटकाबाहेर. सहाव्या दिवशी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जाऊन यायचं, सातव्या दिवशी अर्धा दिवस, आठव्या दिवशी पूर्ण. आणि दर वेळी उठताना लेकराच्या डोळ्यांत बघून सांगायचं की मी जातो, अमुक वेळी येतो. आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, हे मी काकूंना समजावू पाहिलं. त्या म्हणाल्या, "ते मोठ्यांस्नी. लेकराला जातो म्हनूनच सांगायचं. रडलं तर रडू द्या. सांगून गेल्यावर लेकरू रडतं, पन भेत नाय."

हे त्या कुठं शिकल्या, असं मी विचारलं. गावी कापूस वेचणीच्या दिवसांत बाया आपली लेकरं काकूंच्या आईपाशी, कडुलिंबाखाली ठेवून जायच्या. जायच्या म्हणजे सटकायच्या. "लेकरू खेळायला लागलं की मागच्या मागं. मंग ते दिवसभर खेळायचंच नाय. खेळलो तर माय जाती, आसं त्याच्या मनात बसायचं. मी धा वर्षांची आसन, पन मला ते दिसायचं."

गल्लीतल्या बायकांना मात्र दिसत होतो मी. शर्ट-पँट घालून ओट्यावर भाजी निवडणारा. एकीनं फाटकातून विचारलं, "गयाबाई, हे मोठं बाळ कुनाचं हो?" काकू शांतपणे म्हणाल्या, "हायेत एक. लवकर रमले. दुधाला बी त्रास नाय."

माझं घोडं अडलं सातव्या दिवशी. त्या दिवशी मुक्ता वाट्या एकात एक घालण्यात रंगली होती. काकू स्वयंपाकघरात दूध तापवत होत्या. मला साहेबांच्या बैठकीची कागदपत्रं लावायची होती. मनात म्हटलं, इतकी छान खेळतेय, कशाला सांगून रडवायचं? आपल्याकडे सगळे असंच करतात. माझे वडीलही असेच चप्पल हातात घेऊन परसदारानं निघायचे. मीही चप्पल हातात घेतली, फाटक हळूच उघडलं आणि निघालो. ऑफिसात पोचेपर्यंत स्वतःवर खूश होतो. अर्धा दिवस ठरलेला, पण मामला इतका सुरळीत चाललाय म्हणून मी संध्याकाळपर्यंत थांबलो.

साडेपाचला गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हाच रडणं ऐकू आलं. आवाज बसलेला होता, म्हणजे बराच वेळ चाललं असणार. काकूंच्या फाटकापाशी पाच-सात बायका जमल्या होत्या. काकू मुक्ताला खांद्यावर घेऊन ओट्यावर फेऱ्या मारत होत्या. मुक्ता फाटकाकडे हात करून रडत होती. पायरीवर नामदेवकाका कंपनीच्या कपड्यांतच बसलेले, चेहरा दगडासारखा. बायकांत कुजबुज चालली होती. पडली काय गं? चटका बसला का? मारलं तर नसंल? मागच्या गल्लीतल्या नसरीन मॅडमही तिथं होत्या. त्या उर्दू शाळेत शिकवायच्या आणि आपल्या साहिलला सोमवारपासून इथंच ठेवायचं त्यांच्या मनात होतं. आता त्या साहिलला घट्ट धरून उभ्या होत्या.

काका म्हणाले, "बोभाटा झाला. उद्यापासून बंद."

काकूंना सुटायला एक शब्द पुरला असता. दात येतायत म्हटलं असतं, पोट दुखतंय म्हटलं असतं, तर बायका मान डोलावून घरी गेल्या असत्या. मीही मनातल्या मनात दातांचीच वाट बघत होतो. पण काकूंनी मला फाटकातच थांबवलं.

"मुक्ताचे पप्पा, दुपारी काय झालं ते सांगा."

मी बायकांकडे बघून घसा खाकरला. "म्हणजे, तसं विशेष काही..."

"मला नाय. त्यांना बी नाय. तिला सांगा. खाली बसून."

भर गल्लीत, इस्त्रीच्या पँटीनिशी मी उकिडवा बसलो. काकूंनी मुक्ताला माझ्यासमोर उभं केलं. मी म्हणालो, "मुक्ता, मी तुला न सांगता गेलो. चुकलो." एक बाई फिस्सकन हसली. मुक्तानं हुंदका दिला, माझ्याकडे रोखून पाहिलं, माझा चष्मा ओढला आणि नाल्यात टाकला. नाला कोरडा होता एवढीच माझी पुण्याई.

"झालं," काकू म्हणाल्या. "उद्या पुन्हा चटईवरून सुरू."

"काकू, अहो, माझी रजा संपली!"

"मंग नका आनू. आता तुमी गेले की ती खेळायची नाय. मला आसं लेकरू सांभाळता येत नाय."

नामदेवकाका पायरीवरून ताडकन उठले. "एकच लेकरू आलंय तुझ्याकडं, तेबी हाकलती? डोकं फिरलं का?"

"फिरलं तर फिरलं," काकू म्हणाल्या. "धा लेकरं रडवत ठेवन्यापरीस चटई गुंडाळते. तुमचंच खरं करते." हे बोलताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापला. मी खाली बघून चष्मा पुसत राहिलो.

पुढं आल्या त्या नसरीन मॅडम. "काकू, मेरेको भी बैठना पडेगा क्या? आठ दिवस?"

"व्हय. चटईवर."

"और नाय बसले तर?"

"तर साहिलला नाय घेनार."

मॅडमनी साहिलला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मी आत्तापर्यंत दोन ठिकाणी ठेवून पाहिलं याला. रोता था, तर बाया म्हणायच्या, दिवसभर मजेत होता. आज पैली बार कुणी खरं सांगितलं. सोमवारी येते. दोपहर की छुट्टी लेके."

"बरं, महिना पुरा होऊ दे मंग," काका पुटपुटले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज घेऊन साहेबांपुढे उभा राहिलो. अर्जात 'घरगुती कारण' लिहिलं होतं. साहेबांनी कारण विचारलं. "पाळणाघरात बसायचंय," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि कीव येऊन सही केली. सोमवारपासून चटईवर मी आणि नसरीन मॅडम असे दोघं झालो. मॅडम हुशार, आठ दिवसांत फाटकाबाहेर पडल्या. मला अकरा लागले.

पुढं काकूंचं पाळणाघर सतरा वर्षं चाललं. कधी सहा लेकरं, कधी बारा. बोर्ड त्यांनी कधी लावला नाही. आई-बापांना चटईवर बसवणारी बाई एवढ्या खुणेवर लोक घर शोधत यायचे. वकील बसले, कंडक्टर बसले, एक फौजदार वर्दीतच बसला. "आई-बाप रमले की लेकरू आपोआप रमतं," असं काकू म्हणायच्या आणि फौजदाराला शेंगा सोलायला द्यायच्या.

गेल्या श्रावणात काकू गेल्या. म्हातारपणी दोघं पैठणला राहायला गेली होती. काका त्यांच्या आधीच गेलेले. दिवसकार्याला अंगणात पंचवीस-तीस तरुण माणसं आली होती, एकमेकांना न ओळखणारी. काकूंच्या मनगटावर दातांची एक जुनी खूण होती, ती आपलीच यावरून बँकेतला एक अधिकारी आणि साहिल यांच्यात चांगलाच वाद रंगला. साहिल आता डॉक्टर आहे, त्यामुळे त्याचा मुद्दा बिनतोड वाटत होता. मुक्ता माझ्याशेजारी उभी राहून हसत होती आणि डोळे पुसत होती.

मला मात्र काकू म्हटलं की त्या मुदतीचा शेवटचा दिवस आठवतो. त्या दिवशी ऑफिस लवकर सुटलं आणि मी साडेतीनलाच येऊन ओट्यावर बसलो होतो. आत चटईवर मुक्ता, साहिल आणि नव्यानंच आलेली एक छोटी ओळीनं झोपली होती. चार वाजेपर्यंत कुणाला उठवायचं नाही, हा काकूंचा नियम. काकू दारात उभ्या होत्या. सकाळपासून त्यांनी भांडणाची तयारी केली होती, हे त्यांच्या खोचलेल्या पदरावरून कळत होतं.

नामदेवकाका पाळी संपवून आले. एरवी फाटक ढकलून देत, "चहा टाक गं" अशी हाळी देत येणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी कडी दोन बोटांनी उचलली. बूट बाहेरच काढले. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि दाराशी येऊन आत वाकून पाहिलं.

काकूंना धीर धरवला नाही. "महिना झाला आज," त्या ठणकावून म्हणाल्या. "काय ते एकदाचं सांगून टाका."

काकांनी घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल की. झोपलीत लेकरं."